‘डिलिव्हरन्स’: एडने मारला तो माणूस नक्की तोच होता का? (रहस्यभेद आहे)

शब्दवेडी

जेम्स डिकीची ‘डिलिव्हरन्स’ ही कादंबरी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा वाचून संपवली. कॉलेजात असताना दोन रात्रींत फडशा पाडला होता. या वेळी पंधरा दिवस लागले, कारण दर चार पानांनी मागे जाऊन बघत होते की हे नक्की घडलं, की एड म्हणतोय म्हणून मी मानलं?

ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा. पुढे सगळं फोडलंय.

कादंबरी १९७० ची. जॉर्जिया राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात काहुलावासी नावाची नदी आहे (नदी काल्पनिक). तिच्यावर धरण होतंय, खोरं बुडणार आहे. त्याआधी एकदा ती नदी बघून घ्यावी म्हणून शहरातले चार मध्यमवयीन मित्र दोन कनू (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद होड्या) घेऊन निघतात. लुईस हा शरीर कमावलेला, धनुर्विद्येचं वेड असलेला. जग कोसळलं तर कोण तगेल याचाच विचार करणारा. बॉबी गुबगुबीत, गप्पिष्ट. ड्र्यू गिटार वाजवणारा, सरळमार्गी. आणि एड जेंट्री, जाहिरातींची चित्रं करणाऱ्या स्टुडिओचा भागीदार, आयुष्याला थोडा कंटाळलेला. गोष्ट एड सांगतो, आणि सगळी फक्त एडच सांगतो. हे डोक्यात ठेवा.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एड आणि बॉबीला दोन बंदूकधारी माणसं गाठतात. एडला झाडाला बांधतात, बॉबीवर बलात्कार करतात. पुढची पाळी एडची असताना मागून आलेल्या लुईसचा बाण एकाच्या छातीतून आरपार जातो. दुसरा पळतो. मग प्रेताशेजारी उभं राहून चौघांची चर्चा. ड्र्यू म्हणतो पोलिसांत जाऊ. लुईस म्हणतो, इथले ज्युरी म्हणजे याचेच सगेसोयरे, आणि हे सगळं तर उद्या पाण्याखालीच जाणार आहे. हात वर करून मत घेतलं जातं आणि प्रेत पुरलं जातं.

पुढे घळीत शिरताना ड्र्यू अचानक कनूतून पडतो. एक कनू फुटते, लुईसचा पाय मोडतो. लुईस म्हणतो, ड्र्यूला वरून गोळी घातली. बस्स. एवढ्या एका वाक्यावर उरलेली अर्धी कादंबरी उभी आहे! कारण नदीच्या त्या गर्जनेत गोळीचा आवाज कुणी छातीठोकपणे ऐकलेलाच नाही. तरीही एड रात्री एकटा तो कडा चढतो, झाडावर दबा धरून बसतो आणि पहाटे बंदूक घेऊन आलेल्या एका माणसाला बाणाने मारतो. मग जवळ जाऊन त्याचा चेहरा, दात तपासतो. आणि तरी त्याची खात्री पटत नाही.

या वेळी मला सगळ्यात जास्त हादरवलं ते कड्यावरच्या त्या रात्रीने. आपला शत्रू कुठे येऊन उभा राहील हे एड कसं ठरवतो? मी तो असतो तर कुठून नेम धरला असता, असा विचार करून. तो त्या माणसाच्या मनात शिरतो, त्याच्या डोळ्यांनी नदी बघतो, जागा निवडतो आणि तिथे वाट बघत बसतो. आता सांगा, त्या जागी जो कुणी येईल तो ‘तोच’ ठरणार नाही का? एडने सापळा लावला तो स्वतःच्या कल्पनेतल्या माणसासाठी, आणि त्या सापळ्यात एक खराखुरा माणूस आला. सप्टेंबरचे दिवस, डोंगराळ भाग. तिथे बंदूक खांद्याला लावून पहाटे हिंडणारा माणूस शिकारीच असायची शक्यता किती! नंतर गावात कळतंच की शेरीफच्या (तिथल्या पोलीसप्रमुखाच्या) एका डेप्युटीचा मेहुणा शिकारीला गेला तो परत आलेला नाही.

माझं मत असं की एडने चुकीचा माणूस मारला, आणि त्याला ते आतून ठाऊक आहे. तुम्हाला काय वाटतं?

कवडसा

सुंदर धागा. मी फक्त १९७२ चा जॉन बूरमनचा सिनेमा पाहिला होता, त्यातला बॅन्जोवाला मुलगा आणि शेवटी पाण्यातून वर येणारा हात एवढंच लक्षात होतं. कादंबरी आणून वाचते आणि मग लिहिते. तो हात पुस्तकात आहे का?

शब्दवेडी

नाही. तो सिनेमाचा. पुस्तकाचा शेवट याच्या अगदी उलट आहे, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. एड शांत आहे. नदी आता तळ्याखाली गेली, पण ती माझ्या आत वाहते, ती आता माझी आहे, असं त्याला वाटतं. काम चांगलं चाललंय, झोप लागतेय. दोन प्रेतं त्याने स्वतः दगड बांधून बुडवली आहेत, त्यातलं एक मित्राचं. आणि माणूस पूर्वीपेक्षा सुखात आहे.

सह्यकडा

मी प्रस्तरारोहण करतो, त्यामुळे त्या कड्याच्या प्रकरणाबद्दल बोलतो.

अंधारात कातळ डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी दिसतो. डिकीने ते इतकं नेमकं लिहिलंय की वाचताना माझ्या पोटऱ्या ताठल्या. पुढच्या खोबणीसाठी हात चाचपडतोय, पाय थरथरतोय, गाल कातळाला चिकटलाय आणि त्यातच एक विचित्र जवळीक वाटायला लागते, कातळ आपल्याला धरून ठेवतोय अशी. लिंगाण्यावर पहाटेच्या काळोखात चढताना मी हे अनुभवलंय. हा लेखक मुळात कवी होता, त्याच्या कवितासंग्रहाला १९६६ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला होता. स्वतः तिरंदाजीही करायचा. त्या पानांत हे दोन्ही दिसतं.

पण तुमच्या प्रश्नाकडे येतो. एड दोन रात्री धड झोपलेला नाही. पहिल्या रात्री तर एक घुबड त्याच्या तंबूवर येऊन बसतं, त्याच्या नख्या कापडातून आत येतात आणि एड बोटाने त्यांना स्पर्श करतो. ते पान मी तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी मारहाण, मृत्यू, प्रेत पुरणं, बुडता बुडता वाचणं आणि मग रात्रभर कडा. अशा अवस्थेत माणसाला काय काय दिसतं हे मी पाहिलंय. एकदा सलग दोन रात्री चालल्यावर एका झुडपाला मी माणूस समजून तीन हाका मारल्या होत्या, आणि त्याने मान हलवली असंही मला स्पष्ट दिसलं होतं. झुडूपच होतं ते.

म्हणून ‘त्याला आतून ठाऊक आहे’ हे मला पटत नाही. त्याला ठाऊक असण्याची सोयच उरलेली नाही.

जुना_वकील

या कादंबरीवर इथे कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं. मी कायद्याच्या बाजूने वाचली, त्यामुळे माझं लक्ष त्या पहिल्या चर्चेवर अडकलं.

समजा ही घटना आपल्याकडे घडली असती, तर लुईसचा पहिला बाण बराचसा कायद्याच्या आत बसला असता. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम १०० पाहा. स्वसंरक्षण करताना हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो, त्याची यादी तिथे आहे. त्यात जिवाची भीती, गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार हे आहेच, आणि ज्याला तो कायदा ‘अनैसर्गिक’ लैंगिक हल्ला म्हणतो तोही आहे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३८ आहे. हा हक्क दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही वापरता येतो. समोर एड बांधलेला, बंदूक रोखलेली. त्या क्षणी लुईसपाशी बचाव होता.

प्रेत पुरलं त्या क्षणी तो गेला. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा झालाच (जुनं कलम २०१, नवं २३८), पण त्याहून वाईट म्हणजे आपल्या निर्दोष असण्याचा पुरावाही त्यांनी त्याच खड्ड्यात टाकला. ड्र्यूला हे कळत होतं. चौघांत कायदा कळणारा तो एकटा, आणि मतदानात तो एकटाच पडतो.

दुसरा मृत्यू मात्र स्वसंरक्षण नव्हेच. समोरचा हल्ला करत असताना तुम्ही प्रतिकार करता. रात्रभर चढून झाडावर दबा धरून बसता तेव्हा ती शिकार होते. चाळीस वर्षं कोर्टात काढल्यावर सांगतो, या दोन्हींतली रेघ आरोपीला स्वतःला कधीच दिसत नाही. तो खरंच मानत असतो की मी वाचण्यासाठी केलं.

शब्दवेडी

वकीलकाका, शेवटच्या दोन वाक्यांसाठी मनापासून आभार. ‘शिकार’ म्हणालात त्यावरून आठवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात एड हरणावर बाण सोडतो आणि चुकवतो. ऐन वेळी हात बिघडतो. त्याच माणसाचा नेम चोवीस तासांनी माणसावर चुकत नाही. डिकीने हे दोन प्रसंग एवढ्या जवळ ठेवलेत आणि त्यावर एक शब्दही बोललेला नाही!

सह्यकडा, तुमचा मुद्दा मान्य. ‘ठाऊक आहे’ हा शब्द मी मागे घेते. पण मग शंका आणखी वाढते, कमी होत नाही.

अटलांटाकर

अकरा वर्षं इथे राहतोय, त्यामुळे जागेबद्दल थोडं सांगतो. डिकीही अटलांटाचाच (१९२३ चा जन्म), इथल्या जाहिरात कंपन्यांत त्याने काम केलं होतं. एडच्या स्टुडिओतलं ते गुदमरणं कुठून आलं ते यावरून समजतं.

सिनेमाचं बरंचसं चित्रण चॅटुगा नदीवर झालं. ती जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाची हद्द आहे. मी तिच्यावर दोनदा राफ्टिंग केलंय. बुल स्लूस नावाच्या धारेत आमची राफ्ट शिरली तेव्हा वाटाड्या दोन हातांवरून ओरडत होता आणि मला फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं. ‘गोळीचा आवाज कुणी ऐकला’ हा प्रश्न मला तिथे कळला. तिथे बंदूक उडाली असती तरी मी शपथेवर काही सांगू शकलो नसतो.

गंमत नाही, खेदाची गोष्ट आहे, की सिनेमा गाजल्यावर सरावाशिवाय कनू घेऊन लोक तिथे यायला लागले आणि कित्येक बुडाले. १९७४ मध्ये चॅटुगाला केंद्राचं ‘वाइल्ड अँड सीनिक’ नदी म्हणून संरक्षण मिळालं, त्यामुळे तिथे धरण होणार नाही. कादंबरीतली नदी बुडते आणि सिनेमातली वाचते. मात्र ज्या कूसावाटी नदीवरून डिकीला काहुलावासी सुचली असं मानतात, तिच्यावर कार्टर्स धरण झालं आणि तिच्या खळाळत्या धारा आज तळ्याखाली आहेत.

एक तक्रारही आहे. डोंगरातल्या रेबन काउंटीत माझा एक सहकारी वाढला. त्याच्यासमोर या पुस्तकाचं नाव काढलं की त्याचा चेहरा पडतो. पन्नास वर्षं झाली तरी ‘तुम्ही त्या डोंगरातले ना’ म्हणून लोक बॅन्जोची ती धून तोंडाने वाजवून दाखवतात. डिकीने शहरी माणसाच्या मनातला अंधार दाखवला हे खरं, पण त्यासाठी डोंगरी माणसाला पशू करून उभं केलं. याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

कवडसा

वाचून झाली! दोन दिवस दुसरं काहीच सुचलं नाही.

अटलांटाकर, तुमच्या तक्रारीवर खूप विचार केला. मला वाटतं पुस्तक सिनेमापेक्षा थोडं न्यायी आहे. त्यात रस्ता दाखवणारे, गाड्या नदीच्या खालच्या टोकाला नेऊन ठेवणारे ग्राइनर बंधू आहेत, खडूस पण शब्दाला पक्के. लुईसचा पाय वाचवणारा डॉक्टर तिथलाच. शेरीफ तर सगळ्यांत शहाणा माणूस (सिनेमात ती भूमिका खुद्द डिकीने केली आहे). त्याला संशय आहे, पुरावा नाही, आणि तो शांतपणे सांगतो की पुन्हा इकडे येऊ नका. तरीसुद्धा तुमच्या मित्राला हे सगळं समजावून सांगायची वेळ येते, यातच काय ते आलं. आपल्याकडेही रहस्यकथांत जंगल आलं की पाठोपाठ रानटी माणूस येतोच. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना रान भयाण वाटत नसतं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

आता माझा मुद्दा. बॉबीकडे कुणीच बघत नाहीये. एड कड्यावर त्या माणसाला मारल्यानंतर खाली बघतो, तर बॉबी ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा, उजेड पडल्यावर कनू घेऊन निघालेला. आणि एड मेलेल्या माणसाची बंदूक उचलून बॉबीवर नेम धरतो. स्वतःच्या मित्रावर! ज्याच्यावर आदल्या दिवशी बलात्कार झालाय त्याच्यावर. क्षणभर बोट चापावर आहे. मग तो बंदूक फेकून देतो. सिनेमात हे नाहीच.

तिथे मला कळलं की एड कुणाला शोधत होता हा प्रश्नच संपलाय. आता समोर येईल तो.

आणि एक. बॉबीवर काय गुदरलं, हे पुस्तकात कुणी त्याला एकदाही नीट विचारत नाही. सगळे त्याच्याकडे बघायचं टाळतात. एडला तर त्याची किळसच येते. शेवटी बॉबी हवाईला निघून जातो आणि एडला बरंच वाटतं. पुरुषांच्या मैत्रीवरचं पुस्तक म्हणून याचं कौतुक होतं, मला हे त्या मैत्रीचं दिवाळं वाजल्याचं पुस्तक वाटलं.

सह्यकडा

कवडसा, बंदुकीचा तो परिच्छेद मी वाचूनही विसरलो होतो. आत्ता उठून काढून बघितला. बरोबर आहे तुमचं. विसरलो कसा हाच प्रश्न पडलाय.

जुना_वकील

कारण एड तो प्रसंग सांगून लगेच पुढे जातो. साक्षीदार अडचणीची गोष्ट अशीच सांगतात, लपवत नाहीत, भराभर उरकतात.

आणखी एक बघा. नदीवर असतानाच एड पोलिसांना सांगायची हकीकत रचतो. ड्र्यू कुठे बुडाला त्याची जागा बदलतो, बॉबीकडून घोकून घेतो. मग फुटक्या कनूचे तुकडे नदीच्या वरच्या अंगाला सापडतात आणि हकीकत बदलावी लागते. ती तो इतक्या सफाईने बदलतो की उलटतपासणीत मीही फसलो असतो. आपण जे पुस्तक वाचतोय ते याच माणसाने सांगितलेलं आहे. शेरीफला एक गोष्ट सांगितली, आपल्याला दुसरी. दुसरी खरी, याला आधार काय?

ड्र्यूचं प्रेत सापडतं, डोक्याला जखम आहे. गोळी चाटून गेली की खडक लागला? शवविच्छेदन झालं असतं तर सांगता आलं असतं. एड ते प्रेत दगड बांधून बुडवतो. प्रत्येक वेळी खरं कळायची वेळ आली की प्रेत पाण्यात जातं.

भीमाकाठ

मी इथे क्वचितच लिहिते. कादंबरी वाचलेली नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय आणि पाण्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आमचं आजोळ उजनीत गेलं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हा आई लग्न होऊन पुण्यात आली होती. आजी-आजोबा वर माळावरच्या नव्या गावठाणात राहायला गेले. मी जन्मले ते पाणी आल्यावरच, त्यामुळे जुनं गाव मी फक्त आजीच्या बोटाने बघितलंय. ती नव्या घराच्या ओट्यावर बसून पाण्याकडे बोट करायची, तिथं वेस, तिथं आपलं खळं, तिथं कुंभाराची भट्टी. माझ्या डोळ्यांसमोर नुसतं पाणी.

पण उजनीचं पाणी दर उन्हाळ्यात उतरतं. पळसदेवच्या जुन्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, आणि पावसाने ओढ दिलेल्या वर्षी सगळं देऊळ उघडं पडतं. लोक होडीने, कधी गाळातून चालत जाऊन दर्शन घेतात. अशाच एका वर्षी मामा आम्हाला घेऊन गेला होता. आमच्या गावाच्या जागी चिखलात जोत्याचे दगड होते, एका घराचा उंबरा होता. आजीने सांगितलं होतं अगदी तिथेच, तेवढ्याच अंतरावर. इतकी वर्षं पाण्याखाली राहून उंबरा जागचा हलला नव्हता.

तुमच्या त्या एडला वाटतं ना, की आता सगळं पाण्याखाली गेलं, संपलं? त्याने कधी धरणाकाठी मे महिना काढलेला दिसत नाही.

कवडसा

भीमाकाठ ताई, अंगावर काटा आला. सिनेमात धरणाआधी कबरी उकरून हलवताना दाखवल्या आहेत, एक अख्खं चर्च गाडीवर घालून नेताना दिसतं. ज्यांची माणसं तिथे पुरली होती ते त्यांना घेऊन जातायत, आणि हे दोघे त्याच पाण्यात आपली माणसं लपवून येतात.

अटलांटाकर

हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. इथेही डोंगरात बर्टन नावाचं गाव शंभर वर्षांपूर्वी एका तळ्याखाली गेलं. त्या तळ्यात मी पोहलोय.

भीमाकाठ

पोहा, त्यात वाईट काही नाही. आमच्याकडची पोरंही पोहतातच. फक्त कुणी जुनं माणूस काठावर भेटलं तर विचारा त्यांना, वेस कुठे होती म्हणून. सांगायला त्यांना आवडतं.

शब्दवेडी

काल रात्री शेवटचा भाग पुन्हा काढला, ताईंचा प्रतिसाद मनात ठेवून. पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्याचं नाव ‘आधी’, शेवटच्याचं ‘नंतर’ आणि मधल्या तिघांची नावं म्हणजे नुसत्या तारखा, १४, १५ आणि १६ सप्टेंबर. या ‘नंतर’मध्ये एड आणि लुईस एका दुसऱ्याच तळ्याकाठी घर घेतात, धनुष्यबाणाचा सराव करतात. लुईस आता लंगडतो आणि पूर्वीसारखा बोलत नाही. मागच्या दोन्ही वाचनांत ते दृश्य मला शांत वाटलं होतं.

या वेळी एवढंच दिसलं की दोघंही पाण्याच्या काठाला जाऊन बसलेत. लांब शहरात राहता आलं असतं. पैसा होता, कामं होती. तरी तळ्याकाठीच.

वकीलकाका, तुमच्या अशिलांपैकी कुणी असं करायचं का हो? सुटून आल्यावर त्याच जागेजवळ राहायला जायचं?

जुना_वकील

एक होता. खटला सुटल्यावर त्याने त्याच विहिरीशेजारचा तुकडा विकत घेतला. मी कारण विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.